रामटेकेभाऊंची तपासणी

रामटेकेभाऊ माझ्या लक्षात राहिले ते आमच्या सर्जनना वॉर्डाच्या दारात अडवून उभे असलेले. रविवार होता, डॉक्टर साध्या टी-शर्टात राउंडला आले होते. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी भाऊंच्या मुलीचं, मैत्रीचं, पोट उघडून आतड्याचा खराब भाग काढला होता, आणि भाऊ त्यांच्यापुढे हात पसरून म्हणत होते, "वळखतो जी तुमाले. इस्वास हाय. पन कार्ड दाखवा."

डॉक्टरांनी हसत पाकिटातून गाडीचं लायसन काढलं. भाऊंनी ते उलटूनही पाहिलं, मग बाजूला झाले. मी त्या वॉर्डची सिस्टर. हसावं की चिडावं, मला कळेना.

भाऊ मिहानच्या उद्योग-वसाहतीतल्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड होते. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत हात घालणं हेच त्यांचं काम. बायको घरी बाळंतीण, म्हणून चौथीतल्या मैत्रीपाशी हेच राहिले. रजा काढून आले, पण गेट सोबत घेऊन आले. भाताची पेज आली की पहिला चमचा स्वतः प्यायचे, जरा थांबायचे, मग लेकीला पाजायचे. सलाइनची बाटली खिडकीच्या उजेडात धरून पाहायचे. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची मावशी डबा घेऊन आली, तर तिच्याही डब्याकडे यांचा हात गेला.

सगळ्यात जास्त संशय माझ्यावर. ड्रेसिंगला पडदा ओढला की बाहेरून आवाज, "पडद्याआड काय करून राहिल्या, सिस्टर?" मी हसले तर, "हासून काहून राहिल्या?" आणि नाही हसले तर, "आज चूप काहून हाय? काही लपवता काय?"

एकदा माझं डोकं फिरलंच. "भाऊ, तुमची पोरगी मी काय डब्यात घालून नेणार आहे?"

"नेत नाही जी कोनी," ते शांतपणे म्हणाले, "पन पाहून घ्या लागते."

खाटेवर मैत्री टाके दुखतील म्हणून पोट धरून हसत होती. हा माणूस निम्मी तपासणी तिला हसवण्यासाठीच करत असावा, अशी शंका तेव्हा मलाही आली. त्यांच्या सोबतीनं मीही संशयी होऊ लागले होते.

मग मैत्रीला ताप चढला. पोट फुगलं, दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी भाऊंना बाहेर बोलावलं. आतड्याच्या जोडातून गळत होतं. पोट पुन्हा उघडावं लागणार होतं, आणि आज दुपारीच. भाऊंनी एकही प्रश्न विचारला नाही. औषधाच्या चिठ्ठ्या दोन्हीकडून वाचणारा हा माणूस. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली.

खाटेपाशी आले, मला हात जोडून म्हणाले, "थँक्यू सिस्टर." मी इंजेक्शन भरत होते. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

मैत्रीनं मात्र त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, डॉक्टर काय म्हनले?"

"काही नाही, माय. चांगलं हाय सगळं."

"मंग तू भांडून काहून नाही राहिला?"

पोरीनं हात अंगाखाली दाबून धरला. मी चुचकारलं, शेजारच्या खाटेवरच्या मावशीनं समजावलं; ती हात देईना. बाप भांडत होता तोवर तिला कशाची भीती नव्हती. आज तो गोड बोलला आणि ती घाबरली.

भाऊंनी तोंडावरून हात फिरवला. "थांबा, सिस्टर," ते म्हणाले. आवाज फाटका होता, पण गेटवरचा होता. "काय होय हे? दाखवा पहिले."

"रोजचंच आहे, भाऊ! किती वेळा दाखवायचं?" मीही ठेवणीतला आवाज काढला. माझे डोळे भरले होते, म्हणून जास्तच ओरडले.

"रोजचं असलं तरी दाखवा." त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं, मग लेकीजवळ वाकले. "मैत्री, तुले अजून एकदा आत न्या लागते. डॉक्टर आतला टाका पक्का करतेत. मी सगळं पाहून घेतो."

"त्याईचं कार्ड पाहशील?"

"पाहीन ना वं."

तिनं हात पुढे केला. मग ऑपरेशन थिएटरपर्यंत भाऊंनी काही सोडलं नाही. स्ट्रेचरची चाकं पाहिली, चादर झटकली, दारात डॉक्टरांचं कार्ड मागितलं. डॉक्टरांनी खरोखरचं कार्ड दाखवलं, मैत्रीलाही दाखवलं, आणि दार बंद झालं.

भाऊ बाकावर बसले. त्या दारापलीकडचं त्यांना काहीच तपासता येणार नव्हतं. मग मला म्हणाले, "सिस्टर, दाखवू नका काही. नुसतं सांगा. वाचन ना माही पोरगी?"

आम्ही असं कधी सांगत नाही. सांगू नये. मी म्हटलं, "वाचेल."

त्यांनी मान हलवली. कशावरून, हे विचारलं नाही.

मैत्री वाचली. पुन्हा पेजेवर आली, पुन्हा पोट धरून हसायला लागली. घरी जायच्या दिवशी भाऊंनी सगळी पिशवी खाटेवर रिकामी करून पुन्हा भरली. लेकीला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला दोन-चार प्रश्न विचारले आणि माझ्याकडे परत आले.

"सिस्टर, त्या दिवशी तुम्ही 'वाचेल' म्हनल्या. तुमाले माहीत होतं काय?"

"नाही, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे नीट, गेटवरच्या नजरेनं पाहिलं.

"मले तेव्हाच शक आला होता," ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला.