साहेबांना विचारायचा सवाल

इंग्रजी वाक्य बोलण्याआधी सुभेदार टाचा जुळवायचे. पायात साध्या वहाणा असल्या तरी. व्हरांड्यात फटकन आवाज झाला की माझी आई आतून म्हणायची, "आली बघ पलटण."

असे निवृत्त फौजी आपल्याकडे तुम्ही पाहिले असतील. हे आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मी तेव्हा सांगलीत विश्रामबागेतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्यांचा मुलगा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला होता. घरात त्याची आई रोज त्याचं ताट वाढायची, आणि तो गेला असेल असं कुणी बोलायचं नाही.

एके दिवशी ते सुनेला घेऊन आले. "बाई, फौजेतल्या सायबाला इचारायचा एक सवाल हिला शिकवा. इंग्रजीत."

"हिंदीत विचारा की. साहेबांना हिंदी येतं."

"हिंदीत इचारलं की 'बैठो' म्हनत्यात. लय बसलो मी. इंग्रजीत इचारलं की उठून कागद काढत्यात."

"मग तुम्हीच विचारा."

"मी सुभेदार. सायबाला सवाल करायची माझी जीभ न्हाई. ही बायको हाय त्याची. हिचा हक्क हाय."

'व्हेअर इज माय हजबंड' तिला लगेच जमलं. पण साहेबासमोर ते उद्धट वाटेल, म्हणून मी 'प्लीज टेल मी व्हेअर माय हजबंड इज' शिकवायला घेतलं. तिचा 'इज' काही केल्या शेवटी जाईना. मग सुभेदार स्वतःच 'इज' झाले. व्हरांड्याच्या मधोमध उभे राहिले, "इज, मागं जा!" असा स्वतःलाच हुकूम सोडला आणि खांबापाशी जाऊन ताठ उभे राहिले. ती पदर तोंडाला लावून हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे साताऱ्याला लष्करातले कुणी मोठे अधिकारी आले. सुभेदारांच्या आग्रहावरून मीही एसटीनं बरोबर गेले. तिनं वाक्य न अडखळता म्हटलं. साहेब उठले, तिला खुर्ची दिली, आणि हळू आवाजात बराच वेळ इंग्रजीतच बोलले. आम्ही तयारी केली होती ती सवालाची. उत्तराचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शोध संपला होता. लष्करानं त्याला मृत धरलं होतं.

तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. "काय म्हनालं साहेब?"

"शोध चालू हाय म्हनत्यात," सुभेदार म्हणाले.

स्टँडवर ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "आज तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"व्हय बाई."

कराड मागं पडलं. मग खिडकीबाहेर बघत तीच म्हणाली, "मामंजी, डेड म्हंजे काय ते कळतं मला."

त्यांनी इस्लामपूरच्या अलीकडं उठून घंटीची दोरी ओढली.

"आवं आजोबा, हितं कुठं उतरताय?" कंडक्टर ओरडला. "ना गाव, ना फाटा!"

ते उतरले. मी मागोमाग उठले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"जाऊ द्या, बाई. घरी सासूबाईंच्या म्होरं रडता यायचं न्हाई त्यांना."

बस हलली. मागच्या काचेतून ते दिसले, रस्त्याकडं पाठ करून बांधावर उभे. मग उसात शिरले. पाती थोडी हलली, आणि वळणावर तेही दिसेनासं झालं.