एका घरातून एक माणूस

अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. करत होते तेव्हा माझी रूममेट जपानी होती, भातशेती करणाऱ्या एका लहानशा गावची. डोंगरांच्या बेचक्यातली खाचरं, मुलांवाचून बंद पडलेली शाळा, तरुण मंडळी सगळी टोकियोत. त्यात सरकारनं गाव शेजारच्या शहरात विलीन करून टाकलं, पत्त्यातून त्याचं नावही गेलं. हे सगळं ती भात शिजवता शिजवता सांगायची आणि मी ओट्याला टेकून ऐकायची.

एका मार्चमध्ये तिच्या वडिलांचा पाय मोडला. आई आधीच गेलेली. आता आली का पंचाईत! खाचरांना पाणी सोडायच्या आधी एका रविवारी अख्खं गाव मिळून पाटातला गाळ काढतं आणि प्रत्येक घरातून एक माणूस यावाच लागतो. त्या वर्षी तिच्या घरातून कुणीच नसणार होतं. झालं, बाईसाहेब तिकीट काढून मोकळ्या. त्याच आठवड्यात तिची कमिटीपुढे परीक्षा होती, आणि ती चुकवलीस तर पुढच्या वर्षी असिस्टंटशिपचं काही खरं नाही, असं गाईडनं स्पष्ट बजावलं होतं.

माझं डोकंच फिरलं. चिखल उपसायला कुणी अर्धी पृथ्वी ओलांडतं का? शेजारी समजून घेतील की, मी म्हटलं. समजून घेतीलच, ती म्हणाली, आणि नेमकं तेच मला नकोय. आणि गेली.

ती गेल्यावर मला घरात चैन पडेना. थिसिस समोर उघडा आणि मी खिडकीपासून फ्रिजपर्यंत येरझारा घालतेय. कॅम्पस बसमध्ये चढायचे, लायब्ररी आली तरी उतरायचे नाही, तशीच गोल फिरून परत यायचे. राग तिचा आलाय, असं स्वतःला सांगत होते. पण नागपूरला आई-बाबा दोघंच होते, मी एकुलती एक, आणि बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन मला कळलं ते झाल्यावर, ईमेलनं.

ती परतली तेव्हा असिस्टंटशिप गेली होती. पण सांगायला लागली ती भलतंच. विमानतळावरून ती थेट पाटावर पोचली, तर वडील बांधावर खुर्ची टाकून बसलेले. प्लास्टरमधला पाय पुढे पसरलेला, आणि हाताला येईल तेवढं गवत विळ्यानं कापणं चाललेलं. तिला पाहून ते म्हणाले, “एका घरातून एक माणूस. मी आलोय. तू परत जा.”

ती बूट काढून चिखलात उतरली. दिवसभर बापलेक एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. हे सांगताना मात्र ती ढसाढसा रडली.

मग मी फोनकार्ड शोधलं आणि नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. बाबांनीच उचलला. मी उन्हाळ्यात येऊन जाऊ का, विचारलं.

“कशाला उगीच?” बाबा म्हणाले. “मी आहे ना घरी.”

आवाज केवढा थकलेला होता त्यांचा. फोन ठेवला आणि तिला विचारलं, तिकीट कुठून काढलं होतंस.