भलत्या जागी ओरडलेलं बदक
रबराचं बदक कुठं वाजलं की मला बेळगावातली ती संध्याकाळ आठवते. शेजारच्या गच्चीवर सतरंजी टाकून आम्ही पंधरा-वीस जणं बसलोवतो, आणि एक गाणारी पोरगी खेळण्यातला पियानो मांडीवर घेऊन कधी मराठीत, कधी कन्नडात, कधी कोंकणीत गात होती. बाकीची खेळणी तिनं आम्हांलाच वाटली. मला टिमकी आली, सुनेला बदक. सून धारवाडकडची, कानडी बोलणारी, लग्न नवीन. आपल्या मराठीला कोण हसंल म्हणून घरात गप्पच असायची, आणि मला त्याचाच घोर. गाणं ऐन रंगात आलं नि तिचं बदक भलत्याच जागी ओरडलं. सगळी हसली, सुनेनं मान खाली घातली. तशी गाणारी म्हणाली, "अगं, तिथंच पाहिजे होतं की!" आणि गाणं पहिल्यापासून धरून बरोबर त्या जागी थांबली. बदक ओरडलं, टाळ्या पडल्या. जिना उतरताना सून म्हणते कशी, "अत्ते, टिमकी काय ताल सोडून बडिवलासा वो! माझी बदक बरी." मी हसत सुटले. आता ती दिवसभर मला दटावत असते. शेजारणी म्हणतात, "लई बोलती गं तुझी सून." मी म्हणते, "बोलू दे बाई, त्या गाणारीचं भलं होवो."