चष्म्यातला ठोका

दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणाऱ्याला कोणी डॉक्टर म्हणत नाही. म्हणून गाईंच्या सोनोग्राफीच्या प्रशिक्षणाला माझं नाव गेलं, तेव्हा मी आरशासमोर उभं राहून स्वतःलाच दोनदा डॉक्टर म्हणून घेतलं. काम एवढंच, की गाय गाभण आहे का ते सांगायचं. सुई-औषध आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं. त्यांनी तीन दिवस बजावलं, "पाणी काळं दिसतं, हाड पांढरं. जिवंत वासराभोवती पाणी हवंच. बाकी जे दिसेल ते तुमच्या मनातलं."

चौथ्या दिवशी त्यांच्यासोबत आमगावजवळच्या एका गोठ्यात गेलो. तिथल्या गाईला रेतन करून दहा महिने उलटले होते. माजावर येत नव्हती आणि व्यायचं नावही घेत नव्हती. मालकाने तिला मंगळवारच्या बाजारात विकायचं ठरवलेलं. त्याची म्हातारी आई अडून बसलेली. गाभण निघाली तर गाय राहणार, नाहीतर जाणार.

"पोटात आहे जी," शेपूट धरून म्हातारी म्हणाली. "पन हालून नाही राहिलं."

"भाकड आहे माय ते. कायले नाटक लावलं?" मालक, तिचा मुलगा, म्हणाला.

खांद्यापर्यंत हातमोजा, मुठीत यंत्राचा प्रोब, डोळ्यांवर यंत्राचं चित्र दाखवणारा काळा चष्मा. तो लावला की भर दुपारी गोठा नाहीसा होतो. माणसांचे आवाज बाहेर राहतात, आणि आपण एकटेच गाईच्या आत. करड्या धुक्यातून बरगड्या आल्या. मग कवटी, डोळ्याची खाच सरळ माझ्याकडे. काळं पाणी कुठेच नव्हतं. पण तिकडे कोण बघतो? बरगड्यांमागे काहीतरी हलत होतं. ठक, ठक, ठक.

"गाभण!" मी ओरडलो. "जित्तं आहे! ठोका चालू आहे!"

म्हातारीने गाईला कुंकू लावलं आणि चष्म्याच्या वर जागा शोधून मलाही लावलं. मी मान ताठ करून लावून घेतलं.

"श्वास रोखा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रोखला. ठोका थांबला. सोडला, चालू झाला. पुन्हा रोखला. त्या डोळ्याच्या खाचेसमोर मी स्वतःलाच चालू-बंद करत उभा होतो. माझीच धाप दंडातून उतरून त्या हाडांना हलवत होती.

"काऊन भाऊ," मुलगा म्हणाला, "आता कोन जित्तं आहे?"

बाईंनी चष्मा घेतला, हात घातला आणि प्रोब दोनदा फिरवून पाहिला. "वासरू केव्हाच गेलंय. आतच सुकलं. गाईच्या अंगाला ते अजून कळलेलं नाही. सुई देते, ते बाहेर पडेल. पुढे गाभण राहील का, सांगता येत नाही."

म्हातारी माझ्याकडे वळली. "मी म्हनलंच होतं ना रे बापू, हालत नाही म्हून. तू कायले हालवलं?"



वासरू पडलं का पाहायला बाईंनी मंगळवारी सकाळी मलाच पाठवलं. पडलं होतं. जुन्या चपलेसारखं काळं, कोरडं. खूर चारही पुरते, वास कसलाच नाही. मुलगा पोतं घेऊन वाकला तशी गाय हंबरली, त्याला शिंगाने बाजूला सारलं आणि चाटायला लागली. नुकत्याच जन्मलेल्याला चाटतात तशी, सावकाश. चाटता चाटता ते चामडं ओलं झालं, चमकू लागलं, आणि मला त्याची एक बरगडी हलताना दिसली. चष्मा नव्हता, श्वासही मी रोखलेलाच होता.

दाराशी बाजाराची गाडी हॉर्न वाजवत होती. मुलगा पोतं हातात धरून गाईकडे पाहत राहिला. मग बाहेर जाऊन त्याने गाडीवाल्याला निघून जायची खूण केली.