आधी कळवलेली भेट

श्यामलाताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आणि त्यांचा गुरुवार शाळांचा झाला. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी त्या खडकवासल्यापलीकडच्या सरकारी प्राथमिक शाळा बघायच्या आणि कुठे काय हवं ते वहीत लिहून आणायच्या. अकरा वर्षं, एसटीनं, स्वतःचा डबा घेऊन. नियम एकच, शाळेला आधी कळवायचं नाही. कळवलं की शाळा सजते, कारण पाहुण्यापुढे उणं दाखवणं कुणालाच आवडत नाही. मग गरज दिसणार कशी?

२००४च्या सुमारास हिंजवडीच्या एका कंपनीनं संस्थेला मदत देऊ केली आणि मदतीबरोबर सलोनी आली. वय पंचवीस, खांद्याला लॅपटॉप. ताईंच्या वह्या तिनं आठ दिवसांत संगणकात भरल्या आणि सभेत भिंतीवर रंगीत आलेख दाखवले. अकरा वर्षांत ताईंना 'बरं झालं' यापलीकडे काही न म्हणालेले कार्यवाह अनंतराव चक्क टाळ्या वाजवत होते! ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पायपीट कुणाची आणि कौतुक कुणाचं!

"रंग छान निवडलेत हो," एवढंच त्या सलोनीला म्हणाल्या.

"थँक्यू ताई! डेटा तर सगळा तुमचाच आहे," ती हसून म्हणाली. पोरगी उद्धट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मदतीची यादी करण्याआधी सलोनी स्वतः शाळा बघत होती, आणि शेवटची पाहणी मुख्याध्यापिका द्वारकाबाईंच्या शाळेची होती. तिथल्या मुलींच्या संडासाला ना पाणी, ना दार. मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत, आणि चौथीतल्या दोघी शाळा सोडायच्या बेतात होत्या. यादीत ही शाळा पहिली हवी, हे ताईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही आदल्या दिवशी त्यांनी फोन लावला, "द्वारकाबाई, उद्या कंपनीच्या मोठ्या बाई येताहेत हं." सलोनीला सजवलेली शाळा दिसेल, तिचा अहवाल चुकेल आणि भर सभेत आपण अजून संगणकात न गेलेली नवी वही उघडू, असा त्यांचा बेत होता.

शाळा सजली. शाळा समितीच्या भैरूनं स्वतःच्या गोठ्याचं दार काढून संडासाला बसवलं, पिंपं भरली. सलोनीनं फोटो काढले. पण पुढे सभा झालीच नाही. तिनं यादी त्याच संध्याकाळी ईमेलनं पाठवली आणि कंपनीनं दोन दिवसांत ती मंजूरही केली. द्वारकाबाईंच्या शाळेपुढे शेरा होता: श्यामलाताईंच्या देखरेखीमुळे स्थिती उत्तम, मदतीची गरज नाही.

ताई धावत गेल्या, सगळं कबूल केलं. सलोनीचा चेहरा उतरला. "ताई, आता पुढच्या वर्षीच."

गुरुवारी ताई द्वारकाबाईंच्या शाळेत गेल्या. दार पुन्हा गोठ्यात गेलं होतं. द्वारकाबाई लगबगीनं पुढे आल्या. "ताई, तुम्ही फोन केला म्हणून गावाची लाज राहिली. बाई लई खूश होऊन गेल्या. मग, काम कधी सुरू होतंय?"

"होणार नाही," ताई म्हणाल्या. "तुमची शाळा यादीत नाही. ती माझ्यामुळेच गळली. मी त्या पोरीवर जळत होते."

द्वारकाबाईंनी दार नसलेल्या संडासाकडे पाहिलं.

"मला सांगितलंत, ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पण त्या दोघींच्या आयांना कोण सांगणार? संडास होतोय, पोरींना काढू नका, असा शब्द मी त्यांना परवाच दिलाय."