रोडगे आधी की बिल्ड आधी

"रोडगे जगऱ्यात टाकले की माझा बिल्ड सुरू. रोडगे निघाच्या आत नाही झाला, तर सगळी भांडी मी घासतो!" रफीकभाईंनी जाहीर केलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. परतवाड्याजवळ माझ्या दिराच्या संत्र्याच्या बागेत, दोन्ही हातांना निखाऱ्यांत भाजायच्या रोडग्यांची कणीक लागलेली असताना. कणकेचे शिंतोडे माझ्याच चष्म्यावर उडाले.

मी अमरावतीची. पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली, मग घरी परत आले. आता इथूनच एका मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टचं काम पाहते. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती पाठवावी, पटली तर ती आत घेतली जाते. आमचं सॉफ्टवेअर नकाशांचं आहे. शेतांच्या हद्दी, नाले, जंगलं, शेतांमधले पांदण रस्ते, सगळं त्यात काढता येतं.

रफीकभाई अकोल्याचे. तेही याच प्रोजेक्टवर. आमची ओळख भांडणातून झाली. कितीतरी महिने आम्ही मेलवर इंग्रजीत एकमेकांची पिसं काढत होतो, कोण कुठला याचा पत्ता दोघांनाही नाही. एकदा ऑनलाइन मीटिंगमध्ये माझा माइक चालू राहिला आणि मी पोराच्या अंगावर खेकसले, "काहून कल्ला करून राहिला रे?" तिकडे कुणीतरी खो खो हसायला लागलं. मग आवाज आला, "मॅडम, तुमी अमरावतीकडच्या का?" त्या दिवसापासून आम्ही मराठीत भांडतो. ते फार चांगलं जमतं.

भांडण होतं बिल्ड सिस्टिमचं. हे काय असतं ते सांगते. सॉफ्टवेअर म्हणजे एक मोठी फाइल नव्हे. हजारो लहान फाइली असतात. प्रत्येक फाइल मशीनला समजेल अशा रूपात आणायची आणि मग सगळ्या नीट क्रमानं जोडायच्या. हे सगळं करून तयार सॉफ्टवेअर बाहेर काढणं म्हणजे बिल्ड. कुणाचं काम आधी, कुणाचं नंतर, कोणती कामं एकाच वेळी चालू शकतात, हे ठरवणारा जो मुकादम, ती बिल्ड सिस्टिम. एखादी फाइल बदलली तर तिच्याशी संबंध असलेलंच काम पुन्हा करायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही, हेही मुकादमाला कळायला हवं.

आमचा जुना मुकादम फार थकला होता. कुठंही बसायचा आणि का बसला ते सांगायचा नाही. नवा आणायचा हे सगळ्यांना मान्य होतं. कोणता, यावर महायुद्ध चालू होतं. खरी नावं मी इथं देत नाही. प्रत्येक बिल्ड सिस्टिमचे भक्त असतात आणि ते रागावले की लांबलचक मेल लिहितात. रफीकभाईंच्या आवडत्या सिस्टिमला आम्ही 'तुफान' म्हणायचो. एकाच्या मशीनवर तयार झालेले तुकडे ती नेटवरून दुसऱ्याला आयते आणून द्यायची, म्हणून वेग भन्नाट. माझ्या आवडतीचं नाव 'मास्तरीण'. कामाला हात लावायच्या आधी ती सगळी चौकशी करायची. हे आहे का, ते आहे का, कोणतं व्हर्जन आहे.

"इतकी चौकशी तर माह्या सासऱ्यानं नव्हती केली," रफीकभाई म्हणायचे.

"केली असती तर बरं झालं असतं," मी म्हणायची.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मध्ये प्रज्ञाचा मेसेज आला.

प्रज्ञा अकोटची. जमीन मोजणीच्या कामात नोकरीला. आमचं सॉफ्टवेअर ती रोज वापरायची आणि एका गोष्टीवर रोज चिडायची. नदीच्या किंवा रस्त्याच्या वळणावर गावाचं मराठी नाव टाकलं की अक्षरांची डोकी कापली जायची. मात्रा गायब, वेलांट्या गायब. चिडून चिडून शेवटी तिनं कोड उघडला, स्वतः शिकली आणि दुरुस्ती लिहिली. मी वाचली. इतकी नेटकी होती की मी नवऱ्याला बोलावून दाखवली, त्याला काही कळत नसताना. पण दुरुस्ती नुसती लिहून भागत नाही. ज्यानं लिहिली त्यानंच पूर्ण बिल्ड करायचा, सॉफ्टवेअर चालवायचं, चालतंय याचा स्क्रीनशॉट पाठवायचा. तिच्या जुन्या लॅपटॉपवर आमचा म्हातारा मुकादम दर वेळी मध्येच मान टाकायचा. नव्या आवृत्तीत बदल घ्यायचं दार बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते.

मेसेज असा होता: "ताई, मले नाही जमून राहिलं. माह्यासारख्याचं हे काम नाही. सोडते मी."

मला इतका राग आला! तिचा नाही, आमचा. आम्ही दोघं शहाणे वेगावर आणि शिस्तीवर निबंध लिहीत बसलो होतो आणि कामाचं माणूस दारातून परत चाललं होतं. मी तडक रफीकभाईंना फोन लावला.

"परीक्षा घेऊ," मी म्हटलं. "तुमच्या मशीनवर नाही, माझ्याही नाही. प्रज्ञाच्या लॅपटॉपवर जी चालेल ती आणायची."

"मंजूर. पण खाली पोटी नाही. हिवाळा आहे, रोडगे झालेच पायजे."

क्लारा ही आमची युरोपातली रिलीज प्रमुख. नवी आवृत्ती केव्हा बाहेर पडेल आणि तिच्यात काय जाईल, ते ती ठरवते. तिला मी कळवलं की बिल्ड सिस्टिमचा निर्णय शनिवारी एका बागेत होईल. तिनं विचारलं, "बागेत का?" मी म्हटलं, "शेणाच्या गोवऱ्या घरात पेटवता येत नाहीत." ती म्हणाली, "ठीक आहे. मात्र तुमच्याकडच्या संध्याकाळपर्यंत मला निर्णयही हवा आणि प्रज्ञाचा स्क्रीनशॉटही. त्यानंतर दार बंद."

तर असे आम्ही बागेत जमलो. रफीकभाई अकोल्याहून गाडीनं निघाले, वाटेत अकोटला प्रज्ञाला घेतलं. सोबत पिशवीभर काटेरी वांगी आणि त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, वाटून दिलेला मसाला. डाळ, तूप आणि घरूनच मळलेली कणीक माझ्याकडे. प्रज्ञा लॅपटॉप छातीशी धरून उतरली. "ताई, हे गरम झालं की विमानासारखा आवाज करते," ती आधीच माफी मागत म्हणाली.

"करू दे. आपल्याला उडायचंच आहे," मी म्हटलं.

पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढली, झाडाखाली बाज टाकली, बाजेवर लॅपटॉप. गोवऱ्यांचा जगरा फुलला, वर राख धरली. रोडगे आत गेले. बाजूला दोन चुलींवर वरण आणि वांगी. रफीकभाईंनी हात पुसून एंटर दाबलं.

काय सुटलं तुफान! फाइलींची नावं वाचताही येईनात. फोनच्या नेटवरून आयते तुकडे धडाधड उतरत होते. रफीकभाई बाजेभोवती चकरा मारत, कमेंट्री करत. "देखो देखो! अर्धं झालं! मॅडम, भांडी घासाची राख बाजूले काढून ठेवा." प्रज्ञा पहिल्यांदाच हसली. मलाही, खरं सांगते, हरत असूनही मजा येत होती. किती काम झालं ते दाखवणारा पडद्यावरचा बार पाऊण भरला. मग नव्वद टक्के. मग लाल अक्षरं आली आणि सगळं थांबलं.

"का झालं?" प्रज्ञाचा चेहरा पडला.

रफीकभाई वाकले, वाचलं, डोक्याला हात लावला. नकाशांची मोजमापं बदलणारी एक लायब्ररी लागत होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, जो आपण वापरतो. ती प्रज्ञाच्या लॅपटॉपवर नव्हती. रफीकभाईंच्या मशीनवर ती इतक्या वर्षांपासून होती की ती लागते हेच ते विसरले होते. तुफानाला त्यांनी तिच्याबद्दल सांगितलंच नव्हतं, आणि तुफानानं विचारलंही नव्हतं.

"बाप्पा रे! थे तर मशीनमध्ये असतेच ना!" ते म्हणाले.

त्याच क्षणाला मी वरणाची चव घेतली. अगदी अळणी. वांग्यांची घेतली. तीही अळणी.

"मीठ कुणी आणलं?" मी विचारलं.

पिशव्या उपसून पाहिल्या, मीठ कुठंच नाही. कणकेत मी मीठ घरीच घातलं होतं आणि डबा ओट्यावर तसाच राहिला होता. वहिनींनी मसाल्यात घातलं नव्हतं, कारण मीठ तर तिथं असेलच. प्रज्ञाला वाटलं, मोठी माणसं आणतील.

"मीठ तर घरात असतेच ना!" मी म्हटलं, रफीकभाईंच्याच चालीत. मग एकदम आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि असे हसत सुटलो की रफीकभाई बाजेचा पाय धरून खाली बसले. डोळ्यांतून पाणी. धुरानं नव्हे.

हसू आवरलं तशी मी पदर खोचला. आता मास्तरणीची पाळी. एंटर दाबताच तिनं चौकशी सुरू केली आणि काम सुरू करायच्या आधीच सांगितलं: अमुक तीन गोष्टी नाहीत, आणल्याशिवाय मी हलणार नाही. रफीकभाईंची लायब्ररी त्यात पहिली. "म्हणजे चूल पेटवाच्या आधीच मीठ मागते हे," रफीकभाई पुटपुटले. माझ्या चेहऱ्यावर काय असेल ते तुम्ही समजा.

तिन्ही गोष्टी उतरवल्या. बिल्ड सुरू झाला. लॅपटॉप खरंच विमानासारखा घोंघावायला लागला. रफीकभाई मिठाच्या शोधात गोठ्याकडे गेले आणि आरोळी ठोकत आले. हातात खडेमिठाचं ढेकूळ! गुरांसाठी ठेवलेलं होतं. "गाय खाते तं आपल्याले काय होते?" म्हणत त्यांनी ते धुतलं आणि पाट्यावर ठेचलं. वरणाला चव आली.

तेवढ्यात बिल्ड झाला. पूर्ण! मी अक्षरशः उडी मारली. "बोला रफीकभाई, बोला आता!"

प्रज्ञानं सॉफ्टवेअर उघडलं. तिवसा तालुक्याचा नकाशा आला. नद्या आल्या, रस्ते आले. गावांच्या नावांच्या जागी मात्र रिकामे चौकोन. एकही नाव नाही.

माझी उडी हवेतच विरली. प्रज्ञा म्हणाली, "ताई, माही दुरुस्ती तर नावाचीच हाये. नावंच नाही तं दाखवू काय?"

मी मास्तरणीच्या सूचनांची फाइल उघडली आणि कान लाल झाले. मराठी अक्षरं काढणारी लायब्ररी मीच मास्तरणीला सांगताना 'असली तर घे, नसली तर राहू दे' अशी लिहिली होती. माझ्या मशीनवर ती असतेच ना! मास्तरणीनं विचारलं, मिळाली नाही, आणि माझ्या हुकमाप्रमाणे तिच्याशिवाय पुढं गेली.

रफीकभाईंनी सूड घ्यायला हवा होता. त्यांनी फक्त ठेचलेलं मीठ चिमटीत धरून माझ्यासमोर नाचवलं. मग म्हणाले, "चला, बदला पटकन. रोडगे निघाले की सूर्य बी निघून जाते."

मी ती ओळ बदलली. 'हवीच' असं लिहिलं. लायब्ररी उतरवली आणि पुन्हा एंटर. आणि इथं मास्तरीण मला फार आवडली. सगळं पुन्हा केलं नाही तिनं. नावांशी संबंध असलेल्या तेवढ्याच फाइली घेतल्या. इकडे रफीकभाई राख झटकून रोडगे काढत होते, मी फोडून तुपात बुडवत होते, तिकडे बार भरत होता. शेवटचा रोडगा ताटात पडायला आणि बिल्ड संपायला एकच गाठ पडली.

प्रज्ञानं नकाशा उघडला. वळणावळणानं जाणाऱ्या नदीकाठी गावांची नावं, डोक्यावरच्या मात्रांसकट, सगळ्या वेलांट्यांसकट. तिनं तोंडावर हात धरला. "झालं ना?" तिनं विचारलं. मी तिला मिठीच मारली. तुपाच्या हातांनी. तिच्या ओढणीवर तो डाग राहिला असेल.

क्लाराला फोन लावला. स्क्रीनशॉट तिला पोचला होता. "नावं सुंदर दिसताहेत. घेते आत. आणि निर्णय?"

मी बोलायच्या आत रफीकभाई पुढं झाले. "मास्तरीण. पण नेट असलं तर तुफानासारखे आयते तुकडे आणायची सोय तिच्यात मी बसवून देतो."

"कारण काय लिहू?"

"लिहा, मीठ," रफीकभाई म्हणाले आणि इंग्रजीत तिला सगळी कथा ऐकवली. ती हसली की नाही कळलं नाही, रेंज गेली होती. पण तिनं मीटिंगच्या नोंदीत तो शब्द खरंच लिहिला.

भांडी दोघांनी मिळून घासली. प्रज्ञानं विसळली.

नवी आवृत्ती निघाली. श्रेयनामावलीत प्रज्ञाचं नाव आहे. तिनं सोडलं नाही, उलट ठाण मांडून बसली. आता बिल्डमधल्या प्रत्येक बदलाची तपासणी तीच करते आणि जगभरातले लोक तिच्या शेऱ्यांना वचकून असतात. परवा मी घाईत एक बदल पाठवला. अर्ध्या तासात परत आला, नामंजूर. खाली एकच ओळ होती:

"ताई, मीठ कुठी हाये?"

या धंद्यात मी शिकले ते एवढंच. जे असतंच असं वाटतं, ते आधी लिहून काढा. आणि बागेत जाताना मिठाचा डबा गाडीत घाला. आमच्या गाडीत आता दोन असतात.