बंद पडता पडता लिहिलेली तक्रार

ठाण्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तेव्हा तक्रारींची एक वही असे. गिऱ्हाइकाचा फोन आला की ज्याने प्रोग्राम लिहिला त्यानेच तक्रार नोंदवायची, आणि शेवटच्या रकान्यात कारणही त्यानेच लिहायचं. माझ्या पानांवर कारण बहुधा एकच असे: ऑपरेटरची चूक.

डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात माझा प्रोग्राम मिश्रणाची मापं काढायचा आणि मधेच बंद पडायचा. दिवा स्टेशनाहून येणारी तिथली ऑपरेटर फोनवर काकुळतीने सांगे, "साहेब, मी काहीच वेगळं दाबलं नाही हो." मी वहीत नेहमीचंच लिहिलं. तिच्या मॅनेजरने विचारलं, तेव्हाही तेच सांगितलं. त्याने तिला संगणकावरून उठवून पिंपं धुवायला पाठवलं.

त्याच सुमारास माझ्या एका सहकारी बाईंनी प्रोग्रामना नवी सोय जोडली. बंद पडताना प्रोग्रामनेच टेलिफोनच्या तारेला जोडलेल्या मोडेमवरून आमच्या संगणकातल्या यादीत स्वतःची तक्रार नोंदवायची.

"मेलेला माणूस स्वतःच्या मयताची चिठ्ठी लिहितो का?" मी हसलो.

"बघ तर खरं," त्या म्हणाल्या.

एका दुपारी मोडेम किंचाळला आणि पडद्यावर ओळी उमटू लागल्या. वेळ, दाबलेली प्रत्येक कळ, आणि शेवटी माझ्या प्रोग्राममधली नेमकी ओळ. अंगावर काटा आला. तिकडे डोंबिवलीत काही बिघडलं होतं आणि कुणी न सांगता ते इथे येऊन पोहोचलं होतं. त्या ऑपरेटरच्या जागी आता दुसरं कुणी बसत होतं, आणि कळा सगळ्या बरोबर होत्या. दोन रंगांचं वजन सारखं आलं की त्यांतला फरक शून्य होई, आणि मीच त्या शून्याने भागत होतो.

मी ती नोंद पुसून टाकली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच नोंद पुन्हा आली. तिच्यात राग नव्हता, आरोप नव्हता. जे झालं तेवढंच होतं. देवळात उभं राहावं तसा मी तिच्यापुढे उभा राहिलो.

मग ती छापून घेऊन मी डोंबिवलीला गेलो. कागद वाचून मॅनेजरने तिला बोलावलं. ती आली, कोपरापर्यंत निळी. माझी चूक मी तिला सांगितली.

"म्हणजे मशीन बोललं म्हणून खरं," ती म्हणाली. "मी बोललेले तेव्हा?"



"उद्यापासून बसा परत," मॅनेजर म्हणाला.

"आज का नाही?" तिने खुर्ची ओढली. कळांवर तिच्या ओल्या बोटांचे निळे ठसे उमटत गेले.